हात आहेत, पाना द्या

गाडीचं हेड गॅस्केट उडालं की पेडण्यापासून डिचोलीपर्यंत दोनच सल्ले ऐकू येतात. एक, ‘इंजिन बांधून घ्या’. दुसरा, ‘भंगारात काढा आणि हप्त्यावर नवी घ्या’. तिसरा सल्ला सहसा कुणी देत नाही, तो मी देतो. गाडी जुनी आणि साधी असेल, हाताला पाना धरायची सवय असेल आणि शेजारी एखादा जाणता माणूस असेल, तर हेड घरच्या अंगणात उतरवा आणि गॅस्केट स्वतः बदला. यात मर्दुमकी काही नाही. शिस्त लागते आणि दोन-चार नेमकी हत्यारं लागतात. शिस्त माणूस शिकू शकतो. हत्यारं मात्र प्रत्येकाने विकत घ्यावीत असं म्हणणं शहाणपणाचं नाही, आणि त्यासाठीच हा लेखप्रपंच.

मी जन्माने पेडण्याचा, पण हातावरचं काळं वंगण डिचोलीचं. खनिजाच्या टिपरांवर फिटर म्हणून माझी उमेदीची वर्षं गेली. सारमानसच्या धक्क्यावर माल ओतून परतणारी गाडी गरम होऊन बंद पडली, की रात्री दिव्याखाली हेड उतरायचं, आणि सकाळच्या ट्रिपांना तीच गाडी रांगेत उभी असायची. मालक इंजिन बदलायचं नावही काढत नसत. उभी गाडी म्हणजे बुडालेला दिवस, एवढा हिशेब सगळ्यांना पाठ होता. त्या दिवसांत डिचोली, मये, शिरगाव, साखळी या पट्ट्यात हेड उतरवू शकणारा माणूस शोधायला वाड्याबाहेर जावं लागत नसे.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी थांबल्या. एप्रिल 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली. फेब्रुवारी 2018 मध्ये 88 लिजांचं नूतनीकरण रद्द झालं आणि 16 मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प. लिलावात गेलेल्या डिचोलीच्या खाणपट्ट्यात 2024 मध्ये काम सुरू झालं खरं, पण तोवर टिपर अंगणात गंजले होते आणि फिटर पांगले होते. कुणी मोपच्या विमानतळावर कंत्राटी कामाला लागला, कुणी हॉटेलच्या फाटकावर रखवालदार झाला. खाणीच्या धुळीबद्दल, शेतात उतरलेल्या चिखलाबद्दल बोलावं तेवढं थोडं आहे, त्याची वकिली मी करणार नाही. पण त्या काळाने या दोन तालुक्यांना एक गोष्ट फुकटात दिली होती, इंजिन उघडायला न घाबरणारे हात. ते हात अजून इथेच आहेत. त्यांना कुणी काही विचारत नाही, एवढंच.

माझा भाचा मांद्र्याला असतो. हरमल-मोरजीच्या गेस्ट हाऊसांच्या चादरी आणि टॉवेल लाँड्रीत नेऊन आणायचं काम करतो. गाडी म्हणजे तीन सिलिंडरची जुनी पेट्रोल व्हॅन. सीझन तोंडावर आलेला आणि मालप्याच्या चढावर काटा लाल रेषेला टेकला. रेडिएटरच्या होज पाइपाची क्लिप सैल होऊन पाणी गळून गेलं होतं. क्लिप आवळून, पाणी भरून त्याने गाडी तशीच पळवली. काही दिवसांनी फोन आला.

“मामा, पाणी रोज कमी होता. खाली थेंब पडत नाही. जाता खंय?”

एका गॅरेजवाल्याने त्याला इंजिन बदलायला सांगितलं होतं. मी म्हटलं, आधी ऑइलचं झाकण काढून आतल्या बाजूला बघ. झाकणाखाली पांढुरकं, साईसारखं चिकट काहीतरी साचलं होतं. रेडिएटर थंड असताना झाकण काढून इंजिन चालू केलं तर पाण्यात सारखे बुडबुडे येत होते. शेवटी कम्प्रेशन गेज लावलं. पहिला सिलिंडर ठीक, दुसरा आणि तिसरा दोन्ही पडलेले. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले की बहुधा त्यांच्या मधली गॅस्केटची पट्टी जळालेली असते. इंजिन मेलेलं नव्हतं. एक पातळ पत्रा गेला होता, आणि जुन्या छोट्या गाडीचा तो पत्रा काही शे रुपयांना मिळतो.

हा पत्रा करतो काय, ते नीट समजून घेतलं की भीती निम्मी होते. खाली ब्लॉक, वर हेड आणि मध्ये गॅस्केट. सिलिंडरात पेट्रोल पेटतं तेव्हा आतला वायू दोन हजार अंशांच्या वर जातो. तिथून बोटभर अंतरावर पाणी फिरत असतं, ते नव्वद अंशांच्या आसपास. बाजूच्याच भोकातून ऑइल वर चढतं. आग, पाणी आणि ऑइल या तिघांना एकमेकांना भेटू द्यायचं नाही, हे गॅस्केटचं काम. त्यात बऱ्याच गाड्यांचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. रोजच्या तापण्या-निवण्यात हा फरक गॅस्केट सोसतं. पाणी संपून हेड प्रमाणाबाहेर तापलं की ते वाकतं, आणि मग गॅस्केटला धरायला सपाट जागाच उरत नाही.

सुरुवातीच्या अनेक इंजिनांत हेड आणि सिलिंडर एकाच ओतकामात असत. आत साचलेला कोळसा काढायचा किंवा व्हॉल्व घासायचे तर जीव जायचा. 1908 च्या फोर्ड मॉडेल टी गाडीला बोल्टांनी बसवलेलं, सुटं होणारं हेड होतं, आणि खेड्यापाड्यातले अमेरिकन शेतकरी ते स्वतः उतरवत. हेड सुटं झालं म्हणूनच मध्ये गॅस्केट आलं. म्हणजे हा भाग इंजिनात आहे तोच मुळी इंजिन उघडता यावं म्हणून. आज त्याच भागाचं नाव सांगून गिऱ्हाइकाला इंजिन उघडू नका म्हणून घाबरवतात, याला काय म्हणावं?

आम्ही हेड अंगणात, मांडवाखाली उतरवलं. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच, कारण गरम हेडचे बोल्ट सोडले तर चांगलं हेडही वाकतं. बॅटरी काढली, पाणी आणि ऑइल वेगवेगळ्या डब्यांत उतरवलं. टायमिंगच्या खुणा जुळवून मगच बेल्ट सोडला. भाच्याच्या बायकोने एका पुठ्ठ्यावर हेडचा आकार काढला, भोकं पाडली आणि निघेल तो बोल्ट त्याच्या जागी खोचत गेली. शिवाय प्रत्येक वायर सुटण्याआधी तिने फोनवर फोटो काढले. आमच्या वर्कशॉपात ही पद्धत असती तर कितीतरी शिव्या वाचल्या असत्या. हेडचे बोल्ट बाहेरून आत, प्रत्येकी थोडे थोडे सैल केले.

हेड वर आलं आणि दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरमधली जळकी रेघ लख्ख दिसली. खरं काम इथून पुढे असतं. हेडच्या पृष्ठभागावर पोलादी सरळ पट्टी उभी धरायची, लांबीत, रुंदीत आणि दोन्ही तिरक्या दिशांनी. मग पट्टीखाली फिलर गेजचं पातं सरकवून बघायचं. छोट्या पेट्रोल गाड्यांना बहुधा 0.05 मिलिमीटर ही हद्द असते. हे पातं इतकं पातळ की बोटांना नीट जाणवतही नाही. ते कुठेच आत जाता कामा नये. आमचं मधोमध अलगद आत गेलं. हेड वाकलं होतं. तसंच नवं गॅस्केट घालून आवळलं असतं तर सीझनच्या मध्यावर पुन्हा तेच झालं असतं. हेड फेसिंगला म्हापशाला नेलं. घरी करण्याचं काम कुठे संपतं आणि मशीनवाल्याचं कुठे सुरू होतं, हे ओळखणं हाही याच कामाचा भाग.

ब्लॉकवरचं जुनं गॅस्केट खरवडताना घाई करू नये. जुन्या गॅस्केटांत अॅस्बेस्टॉस असायचं, म्हणून ते ओलं करून काढावं, कोरडी धूळ नाकात जाऊ देऊ नये. ग्राइंडर किंवा पॉलिशपेपरची चकती लावायचा मोह टाळावा, कारण त्याची बारीक पूड ऑइलच्या वाटेने बेअरिंगपर्यंत पोचते आणि तिथे खरोखरच इंजिनाचा निकाल लावते. बोल्टांची भोकं आतून कोरडी करावीत. तळाशी पाणी किंवा ऑइल राहिलं तर बोल्ट उतरताना त्याला जायला वाट नसते, आणि त्या दाबाने ब्लॉकला तडा जातो. या गोष्टी कुणी सांगितल्याशिवाय कळत नाहीत. म्हणूनच मी ‘शेजारी जाणता माणूस हवा’ ही अट घालतो.

मग आवळणं. मधल्या बोल्टापासून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने. ठरलेला जोर आला की पाना हातात ‘टक्’ करतो आणि थांबायचं असतं. अंदाजाने आवळण्यावर माझा विश्वास नाही. ‘आमच्या हातालाच कळतं’ म्हणणारे फिटर मी खूप पाहिले आणि त्यांची परत आलेली हेडंही पाहिली. आमच्या वर्कशॉपात टॉर्क पाना एकच होता आणि तो फोरमनच्या कपाटात कुलुपात असायचा. यावेळीही त्यासाठी मला साखळीला जुन्या फोरमनच्या घरी जावं लागलं. आणि किती जोर लावायचा तो आकडा? भाच्याच्या फोनवर तीन व्हिडिओंत तीन वेगळे आकडे होते. खरा आकडा कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, आणि ते पुस्तक दुकानात मिळत नाही. तेही फोरमनच्याच जुन्या झेरॉक्समध्ये सापडलं. बेल्ट चढवल्यावर इंजिन आधी हाताने दोन फेरे फिरवलं, कुठे अडत नाही याची खात्री केली आणि मगच चावी मारली. भाच्याची व्हॅन सीझनभर चालली.

आता बघा, या सगळ्यात अडलं कुठे? हातापाशी नाही. अडलं टॉर्क पान्यापाशी आणि एका आकड्यापाशी.

आकड्याचा प्रश्न जुना आहे. 25 ऑगस्ट 2014 रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती अधिकृत वितरकांच्या बाहेर मिळू देत नाहीत, हा ठपका होता. कंपन्या वरच्या दारी गेल्या आणि प्रकरण लांबत राहिलं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात 2012 साली लोकांनी मतपेटीतून कौल दिला, की गाडी दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना आणि मालकांना मिळालीच पाहिजे. तिथे शेकडा 86 च्या आसपास लोकांनी ‘हो’ म्हटलं. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. चांगलं केलं. पण मालप्याच्या चढावर उभ्या असलेल्या माणसाला हेडच्या बोल्टाचा आकडा हवा असतो, तो मॅन्युअल छापून विकल्याने मिळेल. ते विका, फुकट नको.

एकीकडे पंधरा वर्षांवरच्या खासगी मोटारीच्या पुनर्नोंदणीचं शुल्क एप्रिल 2022 पासून 600 वरून 5000 रुपये केलं. जुनी गाडी ठेवायची तर भुर्दंड. दुसरीकडे संध्याकाळनंतर किनाऱ्याकडच्या किंवा दोडामार्गच्या वाटेवरच्या गावांत बसची वाट बघून बघा. इथे गाडी ही चैन नाही, पोटाचं साधन आहे. धूर ओकणारी गाडी रस्त्यावरून काढा, मी तुमच्या बाजूने उभा राहीन. पण एका पत्र्यापायी चांगलं इंजिन भंगारात घालणं हे पर्यावरणाचं रक्षण नव्हे. नवी गाडी बनवायलाही लोखंड लागतं, आणि ते कुठून येतं हे डिचोलीकरांना वेगळं सांगायला नको.

माझ्यावर आक्षेप येतील, येऊ देत. पहिला आक्षेप धोक्याचा, आणि तो खरा आहे. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणी जाऊ नये, स्टँड लावावेतच. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नये. झाकणावर 0.9 लिहिलेलं असतं, म्हणजे तेवढ्या दाबाखाली आतलं साधं पाणीही 118 अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकण काढताच ते एकदम उकळून तोंडावर येतं. दुसरा आक्षेप नव्या गाड्यांचा. तोही मान्य. कॉमन रेल डिझेल, थेट सिलिंडरात पेट्रोल फवारणारी इंजिनं, नारिंगी वायरींच्या हायब्रिड, यांच्या वाटेला घरी जाऊ नका. काही गाड्यांचे हेडचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, तेही लक्षात ठेवा. वॉरंटीतली गाडी कंपनीकडेच न्या.

तिसरा आक्षेप गॅरेजवाल्यांच्या पोटावर पाय येण्याचा. उलट, ज्याने एकदा स्वतः हेड उतरवलंय तो चांगल्या मेकॅनिकच्या मजुरीवर घासाघीस करत नाही. त्यात किती कष्ट आहेत हे त्याला कळलेलं असतं. पोटावर पाय येईल तो न तपासता ‘इंजिन बांधा’ म्हणणाऱ्याच्या, आणि तो यावाच.

चौथ्या आक्षेपाला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. काढलेलं ऑइल आणि कूलंट टाकायचं कुठे? आपली जमीन चिऱ्याची, सच्छिद्र. अंगणात ओतलेलं ऑइल झिरपून विहिरीकडे जाऊ शकतं. कूलंट गोडसर लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. वापरलेलं ऑइल कायद्याने धोकादायक कचऱ्यात मोडतं, पण आमच्या पंचायतीत प्लास्टिक गोळा करायला माणूस येतो, ऑइल घ्यायला येत नाही. आम्ही ते कॅनमध्ये भरून ओळखीच्या गॅरेजच्या पिंपात दिलं. ज्याची ओळख नाही त्याने काय करायचं?

मुळात गॅस्केट उडतं कशाने, हेही सांगायला हवं. दहापैकी नऊ वेळा असं मी म्हणणार नाही, पण माझ्या हाताखालून गेलेल्या गाड्यांत कारणं तीच ती. ‘इथे कुठे बर्फ पडतो’ म्हणून कूलंट न घालता विहिरीचं पाणी भरणं. कूलंट गंज आणि क्षारही रोखतं, हे कुणी सांगत नाही. ‘या हवेत लागत नाही’ म्हणत थर्मोस्टॅट काढून फेकणं. रेडिएटर गळतो म्हणून त्यात हळद टाकणं, मग तीच हळद बारीक नळ्यांत जाऊन बसते. आणि काटा चढल्यावरही ‘घर जवळ आलंय’ म्हणत गाडी हाकणं. काटा चढला की गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. हा सल्ला पाळलात तर वरच्या लेखातलं बाकी काही करावं लागणार नाही.

आता मागणी. पेडण्याला आणि डिचोलीला सरकारी आयटीआय आहेत, रविवारी त्यांच्या दारांना कुलूप असतं. महिन्यातून एक रविवार ती दारं माफक शुल्क घेऊन नागरिकांना उघडा. टॉर्क पाना, सरळ पट्टी, कम्प्रेशन गेज आणि इंजिन उचलायचा हॉइस्ट तिथे ठेवा. अनामत घेऊन टॉर्क पाना घरीही द्या, वाचनालय पुस्तक देतं तसा. मोटार कंपन्यांची मॅन्युअलं सरकारने मागवून त्याच जागी ठेवावीत. एका कोपऱ्यात वापरलेल्या ऑइलचं पिंप ठेवा आणि ते अधिकृत उचलणाऱ्याकडे जाईल असं बघा. शिकवायला खाणीवरच्या जुन्या फिटरांना मानधनावर बोलवा. तिथल्या पोरांनाही कापून ठेवलेल्या इंजिनाऐवजी खरं बिघडलेलं इंजिन बघायला मिळेल. याला मोठं अंदाजपत्रक लागत नाही, एक परिपत्रक पुरतं.

आमदारांनी, आयटीआयच्या प्राचार्यांनी हे मनावर घ्यावं. हत्यारं तुमची, रविवार तुमचा. शिकवणारी माणसं आम्ही आणून देतो.